ढवळू नका, तंतू वाढताहेत!

काचेच्या लहान बाटलीत थोडे कार्बन टेट्राक्लोराइड घ्यायचे आणि त्यात ॲनिलिन विरघळवायचे. दुसऱ्या भांड्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे पाण्यातले द्रावण आणि त्यात अमोनियम परसल्फेट. हे दुसरे द्रावण बाटलीच्या कडेने पहिल्यावर अलगद सोडायचे. कार्बन टेट्राक्लोराइड पाण्यापेक्षा जड, म्हणून ते तळाशी राहते. पाणी त्याच्यावर ठरते आणि दोघांमध्ये एक स्वच्छ रेषा दिसते. मग हात काढून घ्यायचा आणि बघत बसायचे. दोन-चार मिनिटे काहीच घडत नाही. नंतर त्या रेषेवर हिरवी छटा उमटते, गडद होते आणि वरच्या पाण्यात चढू लागते. सकाळपर्यंत वरचे सगळे पाणी गर्द हिरवे आणि खालचा थर तांबूस-नारिंगी झालेला असतो.

त्या हिरव्या पाण्याचा थेंब वाळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तंतूंचे दाट जाळे दिसते. एकेक तंतू ३० ते ५० नॅनोमीटर जाडीचा आणि अर्ध्या मायक्रॉनपासून काही मायक्रॉनपर्यंत लांब. करोनाच्या विषाणूचा व्यास सुमारे १०० नॅनोमीटर असतो. हे तंतू त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही बारीक. शिवाय ते वीज वाहून नेतात.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रा. रिचर्ड केनर आणि त्यांचा विद्यार्थी जियाशिंग हुआंग यांनी ही कृती २००३ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली. तोवर असे तंतू करण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळा साचे घडवत होत्या, हजारो व्होल्टचा दाब लावत होत्या. इथे दोन द्रव एकमेकांवर ठेवले आणि काम झाले. गंमत अशी की यात वापरलेले एकही रसायन नवे नव्हते. ॲनिलिनपासून होणारा हा हिरवा पदार्थ, पॉलिॲनिलिन, रसायनशास्त्राला तेव्हा १४० वर्षे माहीत होता. मग इतकी वर्षे हे तंतू होते कुठे?

विषाच्या शोधात सापडलेला रंग

लंडन हॉस्पिटलमध्ये रसायनशास्त्र शिकवणारे डॉ. हेन्री लेथबी हे लंडन शहराचे आरोग्य अधिकारीही होते. विषबाधेच्या प्रकरणांचा तपास करताना त्यांना ॲनिलिन ओळखण्याची खात्रीची खूण हवी होती. १८६२ साली त्यांनी सल्फ्युरिक आम्लात विरघळवलेल्या ॲनिलिनमधून वीज सोडली, तेव्हा धन टोकावर निळसर-हिरवा थर जमला. तो आम्लात हिरवा आणि अल्कात निळा दिसे. त्यापूर्वी १८३४ मध्ये फ्रीडलीब रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञालाही ॲनिलिनमधून असे रंग निघताना दिसले होते.

तो काळच रंगांचा होता. विल्यम पर्किनने १८५६ मध्ये ॲनिलिनपासून जांभळा रंग काढला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. १८६३ मध्ये लँकेशायरच्या जॉन लाइटफूटने सुती कापडाच्या धाग्यावरच ॲनिलिनचे ऑक्सिडीकरण करून पक्का काळा रंग चढवण्याची रीत पेटंट केली. हा ‘ॲनिलिन ब्लॅक’ पुढे कित्येक दशके गिरण्यांमध्ये वापरला गेला. म्हणजे पॉलिॲनिलिनचा भाऊबंद म्हणावा असा पदार्थ लोक अंगावर घालून हिंडत होते. त्यातून वीज जाऊ शकते असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. ग्रीन आणि वुडहेड या जोडीने १९१० मध्ये या पदार्थाच्या ऑक्सिडीकरणाच्या पायऱ्या लावून त्यांना नावे दिली. मधल्या पायरीला त्यांनी ‘एमराल्डीन’ म्हटले, आणि ते नाव आजही चालते. त्यानंतर हा विषय बराच काळ पडून राहिला.

प्लॅस्टिकमधून वीज

पॉलिमर म्हटला की तो विजेला अडवणारच, अशी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वसाधारण समजूत होती. तारेवरचे आवरण आपण प्लॅस्टिकचे करतो ते त्याच भरवशावर. त्या समजुतीला तडा देणारी निरीक्षणे अधूनमधून होत होती. ऑस्ट्रेलियातील एका गटाने १९६३ मध्ये वाहक पॉलिपायरोलबद्दल लिहिले होते, पण ते फार कोणी मनावर घेतले नाही.

१९६७ मध्ये टोकियोत हिदेकी शिराकावा ज्या प्रयोगशाळेत काम करत, तिथे ॲसिटिलिनपासून पॉलिॲसिटिलिन करताना एका पाहुण्या संशोधकाकडून उत्प्रेरक हजारपट जास्त पडला. काळ्या भुकटीऐवजी भांड्यात चंदेरी पापुद्रा तयार झाला. १९७५ मध्ये अमेरिकेतून आलेल्या ॲलन मॅकडायार्मिड यांनी तो पाहिला आणि शिराकावांना फिलाडेल्फियाला बोलावून घेतले. तिथे मॅकडायार्मिड, भौतिकशास्त्रज्ञ ॲलन हीगर आणि शिराकावा यांनी त्या पापुद्र्याला आयोडिनची वाफ दिली. त्याची विद्युतवाहकता सुमारे एक कोटी पटींनी वाढली. हा शोधनिबंध १९७७ मध्ये आला आणि २००० साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मूळ तत्त्व असे. या पॉलिमरच्या साखळीत कार्बनचे अणू एकाआड एक दुहेरी बंधांनी जोडलेले असतात. त्या बंधांतले काही इलेक्ट्रॉन एका अणूला घट्ट चिकटून न राहता साखळीभर पसरू शकतात. पण सगळ्या जागा भरलेल्या असतील, तर सरकायचे कुठे? आयोडिनने काही इलेक्ट्रॉन काढून घेतले की रिकाम्या जागा तयार होतात आणि प्रवाह सुरू होतो. या क्रियेला डोपिंग म्हणतात.

पॉलिॲसिटिलिन वाहक होते, पण नाजूक. हवेत उघडे ठेवले की ऑक्सिजन त्याचा नाश करी. त्यामुळे ऐंशीच्या दशकात मॅकडायार्मिड लेथबींच्या जुन्या हिरव्या पदार्थाकडे वळले. पॉलिॲनिलिन हवेत टिकते, स्वस्तात होते आणि त्याचे डोपिंग नुसत्या आम्लाने होते. आम्ल दिले की ते हिरवे आणि वाहक होते. अमोनियासारखे अल्क दिले की निळे आणि विद्युतरोधक. हिरव्यातून निळ्यात जाताना वाहकता काही अब्ज पटींनी घसरते, आणि पुन्हा आम्ल दिले की परत येते.

हे पॉलिॲनिलिन कोणीही केले तरी सारखेच उतरते का, हेही तपासले गेले. प्रागचे यारोस्लाव्ह स्टेस्काल यांच्या पुढाकाराने पाच संस्थांमधल्या आठ जणांनी एकाच कृतीने ते बनवले. २००२ मध्ये जाहीर झालेल्या या पाहणीत ५९ नमुन्यांची सरासरी वाहकता सेंटिमीटरला ४.४ सीमेन्स भरली. तांब्याची वाहकता याच्या लाखपटीहून अधिक आहे. घरातली वायर या पदार्थाची होणार नाही, हे तेव्हाच स्पष्ट होते. त्याचा उपयोग तांब्याला जमत नाही अशा ठिकाणी शोधायला हवा होता.

बारीक कशासाठी?

पॉलिॲनिलिनचा मोठा दोष म्हणजे ते बहुतेक विद्रावकांत विरघळत नाही आणि तापवले तर वितळण्याआधीच बिघडते. परंपरागत पद्धतीने केलेली भुकटी ओबडधोबड कणांची असते. तिचा सपाट थर पसरणेही अवघड. शिवाय या पदार्थाची खरी करामत पृष्ठभागावर घडते. वायूचा रेणू येऊन चिकटतो आणि वाहकता बदलते, किंवा द्रवातला आयन आत शिरतो आणि विद्युतभार साठतो. जाड कणाच्या पोटातला माल या व्यवहारापासून वंचितच राहतो. तंतू ५० नॅनोमीटरचा असेल, तर आत असे काही उरतच नाही; जवळजवळ सगळा पदार्थ कामाला लागतो.

म्हणून नव्वदीच्या दशकात तंतू घडवण्याची शर्यत सुरू झाली. अमेरिकेतील चार्ल्स मार्टिन यांनी साच्याची वाट धरली. ॲल्युमिना किंवा पॉलिकार्बोनेटच्या पापुद्र्यात सूक्ष्म आरपार छिद्रे असतात. त्यांत पॉलिमर वाढवायचा आणि नंतर पापुद्रा विरघळवून टाकायचा. तंतूची जाडी छिद्राच्या मापाची, म्हणजे मोजून-मापून मिळते. छिद्र जितके अरुंद, तितक्या आतल्या साखळ्या अधिक सरळ रांगेत लागतात आणि वाहकता वाढते, हेही मार्टिन यांना दिसले. पण साचा एकदाच वापरता येतो. तो विरघळवताना तंतूंना इजा होते, आणि माल निघतो तो मिलिग्रॅममध्ये.

दुसरी वाट विद्युतकताईची. पॉलिमरचे द्रावण सिरिंजमध्ये भरून सुईला हजारो व्होल्टचा दाब दिला की टोकावरचा थेंब ताणला जाऊन शंकूसारखा होतो. केंब्रिजचे जी. आय. टेलर यांनी १९६४ मध्ये या शंकूचे गणित मांडले. शंकूच्या टोकातून बारीक धार सुटते, हवेत वळवळत लांबते, विद्रावक उडून जातो आणि समोरच्या धातूच्या पत्र्यावर कोरडे तंतू जमतात. या पद्धतीचे पेटंट आंतोन फोरमाल्स यांनी १९३४ मध्येच घेतले होते. ॲक्रन विद्यापीठातील डॅरेल रेनेकर यांनी नव्वदीत तिला नवा जन्म दिला. पॉलिॲनिलिनवर हा प्रयोग फिलाडेल्फियात झाला. मॅकडायार्मिड आणि ड्रेक्सेल विद्यापीठातील फ्रँक को यांच्या गटांनी २००० मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. अडचण अशी की नुसत्या पॉलिॲनिलिनच्या द्रावणाला धार धरण्याइतका चिवटपणा नसतो. सोबतीला पॉलिएथिलीन ऑक्साइड मिसळावे लागते, आणि ते विद्युतरोधक. म्हणजे धागा निघतो, पण त्यात वीज न वाहणाऱ्याचा वाटा असतो.

दोन्ही वाटांमागे एक गृहीत होते. हा पॉलिमर आपणहून तंतू होणार नाही, त्याला भाग पाडावे लागेल.

दोन द्रवांच्या सीमेवर

हुआंग आणि केनर यांच्या बाटलीने हे गृहीतच मोडीत काढले. पॉलिॲनिलिनची क्रिया सुरू होते ती ॲनिलिन आणि परसल्फेट जिथे भेटतात तिथे, म्हणजे दोन द्रवांच्या सीमेवर. तिथे तयार झालेल्या तंतूवर आम्लामुळे विद्युतभार असतो, त्यामुळे त्याला पाणी मानवते. तो सीमा सोडून वरच्या पाण्यात निघून जातो. त्याच्या अंगावर पुढचा थर चढायच्या आत त्याची तिथून सुटका होते. बाटलीत हिरवा रंग वर चढताना दिसतो तो हाच प्रवास.

मग पुस्तकी पद्धतीत काय होत होते? आम्लातल्या ॲनिलिनमध्ये परसल्फेट थेंबथेंब सोडायचे आणि सतत ढवळायचे, अशी ती कृती. हुआंग आणि केनर यांनी तिच्या अगदी सुरुवातीचे नमुने काढून पाहिले. त्यांतही तंतूच होते! जुन्या कृतीतही आधी तंतूच जन्माला येत होते. पण परसल्फेटचा पुढचा थेंब आला की नवा पॉलिमर त्यांच्याच अंगावर बसे, मग आणखी एक थर, आणि शेवटी तंतूचा ओबडधोबड गोळा होई. संशोधक शेवटचा साका गाळून घेत आणि त्यालाच पॉलिॲनिलिनचे रूप मानत. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे साध्या सूक्ष्मदर्शकाला ३० नॅनोमीटरचा तंतू दिसणे शक्यच नाही. ज्यांच्याकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक होते, त्यांनीही क्रिया अर्ध्यावर असताना डोकावण्याची गरज मानली नव्हती.

एकदा हे कळल्यावर दुसऱ्या द्रवाचीही गरज उरली नाही. २००४ मध्ये या जोडीने आणखी सोपी कृती मांडली. आम्लातले ॲनिलिन आणि आम्लातले परसल्फेट एकदम एकत्र ओतायचे, झटकन हलवायचे आणि बाटली ठेवून द्यायची. परसल्फेट सगळीकडे एकाच वेळी पोचते आणि तंतू घडवण्यातच संपते. वरचे थर चढवायला ते शिल्लकच राहत नाही. ॲनिलिनच्या चार रेणूंमागे परसल्फेटचा एक, असे प्रमाण ठेवण्यामागचा विचार तोच. आम्ल बदलले की जाडी बदलते. हायड्रोक्लोरिक आम्लात सुमारे ३० नॅनोमीटर, कापूरसल्फोनिक आम्लात ५० आणि परक्लोरिक आम्लात १२० नॅनोमीटर जाडीचे तंतू मिळतात.

पुढे दान ली आणि केनर यांनी ढवळण्याचाच स्वतंत्र अभ्यास केला. २००६ मधल्या त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात जेम्स बाँडच्या मद्याच्या आवडीवर केलेली कोटी आहे, पण निष्कर्ष गंभीर होता. ढवळले की कण एकमेकांवर आदळतात, एकाच्या अंगावर दुसरा रुजतो आणि गोळे वाढतात. लाडवाचा पाक करताना साखर विरघळल्यावर ढवळत राहिले तर पाक कणीदार होऊन बसतो, हे ज्या गृहिणीला माहीत आहे, तिला हा निबंध चटकन समजेल. द्रावण शांत ठेवले की प्रत्येक तंतू स्वतंत्रपणे जन्मतो आणि स्वतंत्रच राहतो.

त्याच सुमारास टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेत संजीव मनोहर यांच्या गटाने वेगळे टोक धरले. क्रियेच्या सुरुवातीला द्रावणात दुसऱ्या पदार्थाच्या नॅनोतंतूंचे अगदी थोडे बी टाकले, की पुढचे सारे पॉलिॲनिलिन तंतूंच्या रूपात वाढते. तंतूंसाठी जोरजबरदस्ती लागत नाही, हेच इथेही ठरले.

ही नात्यांची गोष्टही आहे. केनर हे मॅकडायार्मिड यांचे विद्यार्थी. गुरूने पॉलिॲनिलिनला विस्मृतीतून बाहेर काढले आणि विजेच्या दाबाने त्याचे तंतू ओढले; शिष्याने दाब न देता ते वाढू दिले.

तंतू झाले, पुढे काय?

पहिला लाभ हाताळणीचा. हे तंतू धुऊन योग्य आम्लतेच्या पाण्यात ठेवले, तर त्यांच्यावरचे सारखे विद्युतभार त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात आणि कोणताही साबणी पदार्थ न घालता ते तरंगत राहतात. न विरघळणारा म्हणून बदनाम असलेला पदार्थ शाईसारखा ओतता-पसरता येऊ लागला.

दुसरा लाभ अपघाताने कळला. हुआंग यांनी तंतूंच्या थराचा फोटो घेतला, तेव्हा कॅमेऱ्याच्या फ्लॅशबरोबर ‘फट्’ असा आवाज आला आणि जळका वास सुटला. तंतूंनी प्रकाश शोषला, झालेली उष्णता बाहेर जायला वाट नव्हती, आणि क्षणात ते एकमेकांना सांधले जाऊन त्यांचा चकचकीत पापुद्रा झाला. २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये आलेल्या या तंत्राने तंतूंच्या थरावर हवी ती नक्षी नुसत्या फ्लॅशने उठवता येते.

तिसरा आणि महत्त्वाचा लाभ वायू ओळखण्याचा. सोन्याच्या दोन बारीक फण्यांवर हिरव्या पाण्याचा थेंब वाळवला की सेन्सर तयार. अमोनिया लागला की वाहकता घसरते, हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेने वाढते. साध्या थरात वायूला आत झिरपायला वेळ लागतो. तंतूंच्या जाळ्यात तो लगेच सगळीकडे पोचतो. त्यामुळे प्रतिसाद जलद येतो आणि थर जाड की पातळ याने फारसा फरक पडत नाही.

महाराष्ट्राचा या विषयाशी खरा संबंध इथेच येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे प्रा. महेंद्र शिरसाट हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतील अशोक मुलचंदानी यांच्या गटासोबत काम करत होते. पॉलिॲनिलिनच्या नॅनोतारांवर सोन्याचे नॅनोकण बसवून हायड्रोजन सल्फाइड ओळखणाऱ्या सेन्सरवरचा त्यांचा निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्यांसारखा वास येणारा वायू. गटारात उतरणाऱ्या सफाई कामगारांचे जीव घेणारा वायू हाच. प्रमाण वाढले की तो घ्राणशक्तीच बधिर करतो, म्हणून नाकावर भरवसा ठेवता येत नाही. सोलापूर विद्यापीठात पॉलिॲनिलिनच्या अमोनिया-सेन्सरवर आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात विद्युतभार साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरवर बरेच काम झाले आहे. महागड्या निर्वात यंत्रणेवाचून, काचेच्या भांड्यात होणारे हे रसायन आपल्या विद्यापीठांना परवडते, हे त्यामागचे एक साधे कारण.

याच घराण्यातला अलीकडचा प्रयोग विटांचा आहे. केनर यांचे विद्यार्थी हूलियो डार्सी सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवतात. विटेला लाल रंग देणारे लोहाचे ऑक्साइड त्यांनी रसायन म्हणून वापरले. साध्या बाजारी विटेला तापवून आम्लाची वाफ दिली की ऑक्साइडमधले लोह सुटे होते; त्याला ‘ईडीओटी’ या रसायनाची वाफ भेटली की विटेच्या छिद्राछिद्रांत ‘पेडॉट’ या वाहक पॉलिमरचे नॅनोतंतू उगवतात. निळसर-काळी झालेली ती वीट सुपरकपॅसिटरचे काम करते. २०२० मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या निबंधानुसार वरून इपॉक्सीचा लेप दिलेली अशी वीट दहा हजार वेळा भारित-विभारित झाल्यावरही तिची साठवणक्षमता सुमारे नव्वद टक्के टिकली. तीन विटा जोडून ३.६ व्होल्ट मिळाले. इथेही सुई नाही आणि साचाही नाही. विटेत जे होते त्यालाच कामाला लावले.

हिशेब

उत्साहाच्या भरात दोष विसरायला नकोत. पॉलिॲनिलिनला वाहक राहायला आम्ल लागते. आम्लता कमी झाली की ते निळे पडते, त्यामुळे शरीरातल्या उपकरणांसाठी ते तितके सोयीचे नाही. भार आत-बाहेर करताना ते फुगते-आकसते आणि काळाने भेगाळते. सेन्सरला एका वायूतून दुसरा ओळखणे कठीण जाते. हवेतली आर्द्रताही त्याला चकवते. दोन द्रवांच्या पद्धतीत लावलेल्या ॲनिलिनचा फारच थोडा भाग तंतूंच्या रूपात हाती येतो. कार्बन टेट्राक्लोराइड विषारी, आणि ॲनिलिन त्वचेतून शोषले जाऊन रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करते. बाजारातली मोठी जागा पेडॉटच्या मिश्रणाने घेतली. फोटोफिल्मवरच्या स्थिर विजेला आळा घालणाऱ्या लेपापासून त्याचा व्यापार सुरू झाला. पॉलिॲनिलिनच्या नॅनोतंतूंनी कोणताही उद्योग अजून उलथून टाकलेला नाही.

पण रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यांनी जे शिकवले, ते कायमचे आहे. दीडशे वर्षांच्या आसपास ज्या पदार्थाला ‘वेड्यावाकड्या कणांची भुकटी’ म्हटले गेले, तो जन्मतः तंतू होता. त्याचे कण आपण करत होतो. कृतीतली ‘सतत ढवळा’ ही सूचना इतकी अंगवळणी पडली होती, की तिच्यावर शंका घेणे कोणाला सुचले नाही.

म्हणून महाविद्यालयांतल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना एक विनंती. तुमच्याकडे पॉलिॲनिलिन करून घेतले जात असेल, तर तो प्रयोग एकाच दिवशी दोन रीतींनी करून घ्या. एका गटाला परसल्फेट थेंबथेंब घालून ढवळू द्या. दुसऱ्याला ते एकदम ओतून, झटकन हलवून, बाटली बाजूला ठेवायला सांगा. या दुसऱ्या रीतीत कार्बन टेट्राक्लोराइड लागत नाही. धूर खेचणारे कपाट, हातमोजे आणि चष्मा मात्र हवेतच. दोन्ही नमुने जवळच्या विद्यापीठातल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडे पाठवा आणि छायाचित्रे वर्गात शेजारी शेजारी लावा. पुस्तकातली कृती जशीच्या तशी पाळल्याने काय हातचे जाते, ते मुलांना त्या दोन छायाचित्रांतून व्याख्यानापेक्षा लवकर कळेल.